१ कोटी ३४ लाख फेरे पेलतील अशी चाके: सोलापुरातील पाटी नसलेल्या दुकानाचा अनुभव

पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागच्या बाजूला, यंत्रमागांच्या खडखडाटाने दिवसभर थरथरणाऱ्या एका गल्लीत सायकलची चाके बांधून देणारे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही, आतमध्ये पावतीपुस्तक नाही, आणि आपले नाव कुठे छापून यावे अशी दुकान चालवणाऱ्यांची इच्छाही नाही. म्हणून गल्लीतले लोक म्हणतात तसे मीही त्यांना नुसते ‘मिस्त्री’ म्हणणार आहे. या दुकानातून मी माझ्या सायकलची दोन्ही चाके नव्याने बांधून घेतली, बाकीच्या गाडीचे ओव्हरहॉलिंग करून घेतले, आणि त्यानंतर त्या चाकांवर २,४०० किलोमीटर चालवून मगच हे लिहायला बसले आहे. इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की ही चाके मला सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या विक्रमाच्या प्रयत्नासाठी हवी आहेत, आणि त्या कामाची कसोटी नेहमीच्या सर्व्हिसिंगपेक्षा फार वेगळी आहे.

ती कसोटी समजण्यासाठी विक्रमाच्या अटी आधी सांगायला हव्यात. गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सच्या नियमांनुसार पृथ्वीप्रदक्षिणेत किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर, सायकलवरूनच कापावे लागतात. विमानाचा आणि जहाजाचा धरून एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीपेक्षा, म्हणजे ४०,०७५ किलोमीटरांपेक्षा, कमी भरता कामा नये. दिशा एकच ठेवावी लागते, जिथून निघालो तिथेच परत यावे लागते, आणि वाटेत पृथ्वीगोलावर एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध असलेल्या दोन ठिकाणांवरून जावे लागते. (सोलापूरच्या नेमक्या विरुद्ध बाजूला पॅसिफिक महासागराचे उघडे पाणी आहे, त्यामुळे आपल्याला ही जोडी स्पेन आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये शोधावी लागते.) परंतु सर्वांत कठोर अट घड्याळाची आहे. पहिले पायडल मारल्यापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत ते थांबत नाही; झोप, जेवण, पंक्चर, ताप, विमानतळावरची रांग, सगळे त्याच हिशेबात जमा होते.

स्कॉटलंडच्या मार्क ब्यूमाँट यांनी २००८ मध्ये ही प्रदक्षिणा १९४ दिवस १७ तासांत पूर्ण केली होती, आणि त्यांनीच २०१७ मध्ये पॅरिसहून निघून पॅरिसलाच परत येत ती ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांवर आणली. दुसऱ्या वेळी त्यांच्यासोबत गाड्या आणि मदतीचे पथक होते. जेनी ग्रॅहम यांनी २०१८ मध्ये बर्लिनहून एकटीने, कोणतेही पथक न घेता, १२४ दिवस ११ तासांत तेच अंतर कापले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लेल विल्कॉक्स यांनी शिकागोहून निघून १०८ दिवस १२ तास १२ मिनिटांचा वेळ नोंदवला. आपल्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत ही फेरी केली, त्यात स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून त्यांना लुटण्यात आले, तरीही त्या पुढे निघाल्या. पुण्याच्या या मुलीची बातमी वाचली त्या दिवशी माझ्या मनात हा विचार पहिल्यांदा आला, हे मी आजही विसरलेले नाही. १०८ दिवसांचा आकडा समोर ठेवला तर दिवसाला सरासरी २६७ किलोमीटर पडतात. दुरुस्तीसाठी रस्त्याकडेला घालवलेला प्रत्येक तास म्हणजे हातचे गेलेले वीस-बावीस किलोमीटर, आणि ते भरून काढायचे तर फक्त झोपेतूनच भरून निघतात.

आता चाकाकडे येते. माझ्या गाडीला ७०० गुणिले ३२ मापाचे टायर आहेत. त्यांचा एक फेरा साधारण २.१५५ मीटरचा. २८,९७० किलोमीटरांत असे सुमारे १ कोटी ३४ लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार (स्पोक) जेव्हा खाली, जमिनीच्या बाजूला येते, तेव्हा तिच्यावरचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना तो पुन्हा भरतो. म्हणजे माझ्या वजनाने आणि सामानाने प्रत्येक तार १ कोटी ३४ लाख वेळा सैलावणार आणि १ कोटी ३४ लाख वेळा ओढली जाणार. तार तुटते ती खड्ड्यातल्या एका दणक्याने क्वचितच. ती या सततच्या कमीजास्त होण्याने, आतल्या आत थकून, हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, अडकणाऱ्या वाकापाशी तुटते. तारा जितक्या सैल आणि विषम, तितकी ही थकावट लवकर येते. हे सगळे मी पुस्तकातून वाचले होते. त्याचा अर्थ मात्र कळला तो ४०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत.

त्या वेळी माझ्या गाडीला एका मोठ्या शहरातल्या बड्या दुकानातून घेतलेली तयार चाके होती, मागच्या चाकाला २४ तारा, दिसायला अतिशय देखणी. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने झहीराबादपर्यंत जाऊन परत यायचे होते आणि त्यासाठी २७ तासांची मुदत होती. परतताना हुमनाबाद मागे पडल्यावर, रात्री दोनच्या सुमारास, मागून टणकन आवाज आला. चेनच्या बाजूची तार गेली होती. २४ तारांच्या चाकातली एक तार गेली की रिम लगेच एका अंगाला ओढली जाते. माझे चाक इतके आऊट झाले की प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासू लागले. तुटलेली तार बदलायची तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उतरवायला हवी, ती उतरवण्याचे हत्यार माझ्याजवळ नव्हते, आणि असते तरी ते चालवायचे कसे हे मला ठाऊक नव्हते. ब्रेक मोकळा सोडून, केवळ पुढच्या ब्रेकवर, मी उमरगा आणि नळदुर्ग ओलांडून सोलापूर गाठले तेव्हा २७ तासांवर २० मिनिटे झाली होती. चाके जिथून घेतली त्या दुकानाने ‘वापर जास्त झाला’ एवढेच उत्तर दिले. चार महिने तयारी करून गेलेली ती ब्रेव्हे माझ्या नावावर लागली नाही, आणि त्याच आठवड्यात ओळखीच्या एका जुन्या सायकलस्वाराने मला मिस्त्रींच्या दुकानात नेले.

मिस्त्रींचे वडील ज्या काळात हे दुकान चालवत त्या काळात पूर्व भागातले सूत, चादरींचे आणि टॉवेलांचे गठ्ठे मोठ्या प्रमाणात सायकलवरूनच हलत. त्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, कारण ओझे मागे असे. मिस्त्रींचा हात त्या चाकांवर बसलेला आहे. माझी जुनी चाके त्यांनी उचलून पाहिली, बोटाच्या नखाने एकेक तार छेडली, आणि ती खाली ठेवत म्हणाले, “ताई, हे चाक दिसायला चाक हाय. वजन घेऊन लांब जायचं चाक हे न्हवं.” मी ३२ तारांचा आग्रह धरून गेले होते, त्यांनी मागे ३६ आणि पुढे ३२ अशी मांडणी सुचवली आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगितले: छत्तीसपैकी एक तुटली तर उरलेल्या पस्तीस मला पुढच्या गावापर्यंत नेतील. विक्रमाच्या प्रयत्नात यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा नाही. ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर मैदानात सेदुनापासून नॉर्समनपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरांत गाव म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही, आहेत ते बहुतेक अधूनमधूनचे पेट्रोलपंप आणि खानावळी, त्यातलाच १४६.६ किलोमीटरांचा रस्ता एकही वळण न घेता सरळ जातो. तिथे सायकलचे दुकान शोधायला जाणार कुठे?

चाक बांधताना पाहणे हा या दुकानाच्या सेवेचाच भाग आहे असे मी मानते, कारण मिस्त्री गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करतात. रिम आणि हब दोन्ही मी आणलेले होते, तारा त्यांनी मागवल्या: स्टेनलेस स्टीलच्या, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. बाजारातली नेहमीची जीआयची तार त्यांनी माझ्या कामासाठी बाजूला ठेवली. तार वाकापाशी ताठ राहते आणि मध्ये थोडी ताणते, त्यामुळे धक्का वाकापर्यंत पोचण्याआधीच मुरतो, हे त्यांनी कुठल्याही तांत्रिक शब्दाशिवाय, तार दोन्ही हातांत धरून, वाकवून दाखवले. प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाईल अशी वीण घातली. मग निपल, म्हणजे तार रिमला आवळणारे छोटे नट, एकेक अर्धा फेरा आवळत, रिम गोल आणि सरळ आणत, ते हळूहळू ताण चढवत गेले. ताण मोजायचे मीटर त्यांच्याजवळ नाही. ते तार छेडतात आणि ऐकतात. बाहेर यंत्रमाग चालू असले की कान रिमजवळ नेतात. एका बाजूच्या साऱ्या तारांचा सूर एक लागेपर्यंत त्यांनी चाक स्टँडवरून खाली घेतले नाही.

त्यानंतर जे झाले ते मी यापूर्वी कोणत्याही दुकानात पाहिलेले नव्हते. जुने कातडी हातमोजे चढवून त्यांनी चाक मांडीवर आडवे घेतले आणि समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून पूर्ण ताकदीने आवळल्या. ‘टिंग, टिंग’ असे बारीक आवाज येऊ लागले. निपल फिरवताना तारेला पडलेला पीळ त्या वेळी सुटतो, आणि वाकाजवळचा धातू हबमध्ये नीट बसतो. हे दुकानातच झाले नाही, तर ते रस्त्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरांत आपोआप होते आणि चाक पुन्हा आऊट होते. मिस्त्रींनी आवळले, पुन्हा आऊट काढला, पुन्हा आवळले. चौथ्या वेळी एकही आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी हातमोजे काढले आणि चहा सांगितला. दोन आठवड्यांनी पुण्यातल्या एका मैत्रिणीकडच्या मीटरवर मी मागच्या चाकाच्या चेनकडच्या अठरा तारा मोजून घेतल्या. सर्वांत घट्ट आणि सर्वांत सैल तार यांच्यातला फरक इतका थोडा होता की मैत्रिणीने मीटर बिघडले असेल म्हणून दुसऱ्या चाकावर तपासून पाहिले.

पुढच्या चाकात मला डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा हब, हवा होता, कारण रात्रीचा दिवा आणि मार्गाची नोंद करणारे जीपीएस यंत्र त्यावरच चालायचे आहे. विक्रमासाठी संपूर्ण मार्गाची नोंद पुरावा म्हणून द्यावी लागते. इथे मिस्त्रींची अडचण झाली. असा हब त्यांनी आधी बांधलेला नव्हता, त्याच्या कडा नेहमीपेक्षा मोठ्या असल्याने तारा आखूड लागतात, आणि पहिल्यांदा मागवलेल्या तारा चार मिलिमीटर लांब निघाल्या. चूक त्यांनी लगेच मान्य केली, त्या तारांचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, आणि नव्या मागवल्या. परंतु त्यात आठ दिवस गेले. चार दिवसांत होणारे काम शेवटी बारा दिवसांनी हाती आले. ज्यांची सुटी ठरलेली असेल, तिकीट काढलेले असेल, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवून किमान महिनाभर आधी काम टाकावे, असे मी स्पष्टपणे सांगते.

उरलेल्या ओव्हरहॉलिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पेडलांचे छर्रे, हँडलचा हेडसेट, चेन, केबली, सगळे नीट झाले. मडगार्ड बसवताना त्यांनी टायरपासून पूर्ण बोट जाईल एवढी जागा सोडली, कारण मोहोळ-पंढरपूरकडच्या आडरस्त्यांवर पावसात काळी माती चढली की अरुंद मडगार्डात चाक जागच्या जागी रुतते. ही काळजी शहरातल्या चकचकीत दुकानांत कोणी घेत नाही. मात्र हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचे काम ते करत नाहीत, तसे ते स्वतःच सांगतात, आणि सीटची उंची-पोहोच मापून देण्याची, म्हणजे बाइक फिटिंगची, सोय इथे नाही. सोळा-सोळा तास सीटवर बसायचे असेल तर त्यासाठी वेगळे, जाणकार माणूस गाठावे.

मजुरी त्यांनी दोन्ही चाकांची मिळून १,२०० रुपये घेतली. साहित्याचे पैसे वेगळे. हातात छापील पावती मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब मिळतो, आणि हमी तोंडीच असते. ‘कवा बी घेऊन या’ हे शब्द त्यांनी उच्चारले ते मी हमी म्हणूनच धरले आहेत. इतक्या कौशल्याच्या कामाची इतकी कमी मजुरी घेतली जाते याचे मला वाईट वाटते, आणि मी दिलेली जास्तीची रक्कम त्यांनी परत केली. वाचकांपैकी कोणी तिथे गेले तर कृपया भाव करू नये.

मला या दुकानातून जे सर्वांत मोलाचे मिळाले ते या मजुरीत धरलेलेच नव्हते. चाके ताब्यात देण्याआधी मिस्त्रींनी विचारले, “तुटली तर रस्त्यात कोण हाय तुमचं?” मी एकटीने, पथकाशिवाय जाणार आहे, अशा प्रवासात वाटेतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या दुकानांतून मदत घेता येते, पण आधी ठरवून कोणाला रस्त्यावर उभे करता येत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या देखत मागच्या चाकातली चेनच्या बाजूची एक चांगली तार पकडीने कापली आणि मला ती बदलायला लावली. कॅसेट उतरवायचे छोटे हत्यार मी मागवले होतेच. पहिल्या दिवशी मला १ तास ५० मिनिटे लागली, बोटे सोलली, आणि निपल दोनदा रिमच्या आत पडले. त्यांनी मध्ये हात घातला नाही. पुढच्या तीन रविवारी त्यांनी दर वेळी वेगळ्या जागची तार कापली. शेवटच्या रविवारी दुकानाचे शटर अर्धे ओढून, दिवा मालवून, माझ्या डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात ते काम करायला लावले, आणि मला २२ मिनिटे लागली. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतला फरक ८८ मिनिटांचा, म्हणजे माझ्या वेगाने तीस किलोमीटरांचा. कापलेल्या चारही तारांचे पैसे हिशेबाच्या पानावर नव्हते. जादा तारा आता माझ्या गाडीच्या मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधलेल्या असतात, दोन चेनच्या बाजूच्या आणि एक पलीकडची, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या आहेत आणि अंधारात त्या ओळखू याव्यात म्हणून मिस्त्रींनी पलीकडच्या तारेला लाल सुताचा तुकडा गुंडाळून दिला आहे.

त्यानंतरचे २,४०० किलोमीटर असे झाले: तुळजापूर आणि अक्कलकोटच्या रोजच्या फेऱ्या, विजापूरला जाऊन-येऊन दोनशेच्या तीन चकरा, आणि हैदराबादपर्यंत जाऊन परत येण्याची सहाशेची एक फेरी, जी मी ४० तासांच्या मुदतीत ३७ तास १० मिनिटांत पूर्ण केली. सामान मुद्दाम पूर्ण ठेवले होते, मागे अकरा किलो. उन्हाळा होता, दुपारी पारा बेचाळीसच्या वर जात असताना तापलेल्या डांबरावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खड्ड्यांतून चाके गेली. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकटायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यांनी चार पंक्चर झाली, त्याला चाक काय करणार! तार मात्र एकही तुटली नाही, आणि आऊट काढावा लागला नाही. सहाशेच्या फेरीत परतताना मी हुमनाबादजवळच्या त्याच पट्ट्यात, जिथे मागच्या वेळी तार गेली होती, थांबले, चाक उचलून फिरवले आणि ब्रेकच्या रबरांमधली जागा पाहिली. दोन्ही बाजूंना सारखीच होती.

२,४०० किलोमीटर म्हणजे प्रदक्षिणेचा बारावा भागही नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी ही चाके आत्ताच सर्वोत्तम ठरवत नाही. रिमची ब्रेकची बाजू पावसाळी देशांत किती झिजेल, डायनॅमोचे बेअरिंग किती टिकेल, हे पुढच्या दहा हजार किलोमीटरांत दिसेल. माझी योजना सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून निघून तिथेच परत येण्याची आहे, आणि निघण्याआधी ही जोडी सरावातच झिजवून, अगदी तशीच दुसरी जोडी बांधून घ्यायची असे मी ठरवले आहे. त्या जोडीच्या हबचे माप मिस्त्रींनी या वेळी स्वतःच्या वहीत लिहून घेतले आहे, तारांच्या लांबीसकट.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: दुकान सकाळी दहानंतर उघडते, दुपारी जेवणाला दोन तास बंद असते, आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत चार-पाच दिवस पूर्ण बंद राहते. गल्लीत चारचाकी जात नाही. कन्ना चौकात कोणालाही ‘चाकं बांधणारे मिस्त्री’ म्हणून विचारले की लोक हात दाखवतात.